दाराची कडी

दारावर थापा पडतात आणि तुम्ही दचकून उठता. साल 1897, मार्चचा मध्य. पुण्याच्या एका पेठेत, वाड्यातल्या मागच्या दोन खोल्यांत तुमचं बिऱ्हाड. काल रात्रीपासून धाकट्या भावाला सणसणून ताप आहे, जांघेत सुपारीएवढी गाठ आली आहे. आईने त्याला माळ्यावर गोधड्यांच्या आड निजवलंय.

तुम्ही कडीला हात लावण्याआधीच दार ढकललं जातं. गोरे सोजीर बुटांसकट आत शिरतात. त्यांचं बोलणं तुम्हाला कळत नाही, तुमचं त्यांना. कोठीची खोली, चूल, देवघर, सगळीकडे बूट फिरतात. आई माळ्याकडे नजर जाऊ नये म्हणून जमिनीकडे बघत राहते. तुमची छाती धडधडते, ती गाठीच्या भीतीने की बुटांच्या, तुम्हालाच सांगता येत नाही.

गल्लीत कुणाच्या तरी अंथरुणांची होळी पेटली आहे. रोगी सापडला की त्याला इस्पितळात नेतात आणि घरच्यांना छावणीत. 4 फेब्रुवारीला सरकारने साथरोगाचा कायदा केला आणि प्लेगचा बंदोबस्त रँडसाहेबाच्या हाती आला. रोगी वेगळा ठेवायला हवाच, हे तुम्हालाही पटतं. पण तुमच्या घरात येताना तुम्हाला कुणी विचारलं नाही. इथून जवळच, हडपसरच्या बाजूला, सावित्रीबाई फुले रोग्यांना स्वतः दवाखान्यात आणत होत्या. सेवा करता करता त्यांनाही प्लेगने गाठलं. 10 मार्चला त्या गेल्या. त्यांच्यापासून कुणी आपलं माणूस लपवलं असतं का?

सोजीर निघून जातात. भाऊ सापडला नाही. आई देवापुढे हात जोडते आणि तांब्या घेऊन माळ्याची शिडी चढू लागते. गाठ घरातच राहिली आहे. जूनच्या 22 तारखेला गणेशखिंडीत चापेकर बंधू रँडवर गोळ्या झाडतील, तेव्हाही प्लेग या देशातून गेलेला नसेल.

पुन्हा थाप पडते. आता एप्रिल 2020 आहे, मुंबईतली धारावी. दहा बाय दहाची खोली, सात माणसं, गल्लीच्या टोकाला सार्वजनिक संडास. कायदा तोच, 1897चा. बाहेर पोलिसांची काठी फिरते आहे, पोटासाठी आलेले लोक गावाकडे परत निघालेत. पोटमाळ्यावर भाऊ तापाने फणफणलाय.

तुम्ही कडीवर हात ठेवून थांबता. फटीतून पीपीई किट घातलेली माणसं दिसतात, चेहरा कुणाचाच दिसत नाही. मग आवाज येतो, ओळखीचा. नाक्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टर, ज्यांच्याकडे तुमची पोरं वाढली.

‘‘दादा, घरात कुणाला ताप आहे का?’’

तुम्ही वर, पोटमाळ्याकडे बघता. मग स्वतःच्या हाताने कडी काढता.

‘‘भावाला. कालपासून.’’