लोकल फंडाची वाटणी : मुंबई इलाखा, १८६३ ते १८८४

मुंबई इलाख्यातील स्थानिक स्वराज्याचा आरंभ सामान्यतः लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावापासून धरला जातो. हिशेबाच्या वह्यांतून पाहिल्यास तो जवळजवळ वीस वर्षे मागे न्यावा लागतो. १८६३ मध्ये जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा, म्हणजे शेकडा सव्वासहा, असा स्थानिक उपकर बसविण्यात आला, व १८६९ च्या कायद्याने त्यास वैधता मिळाली. वसुली महसुलाबरोबरच होई. रयतेच्या तोंडी या पैशाचे नाव 'लोकल फंड' असेच रूढ झाले. त्यातील दोन तृतीयांश रस्ते, विहिरी इत्यादी कामांकडे व एक तृतीयांश शाळांकडे जाई. खर्चावर देखरेख करणाऱ्या समित्यांचे सूत्रधार सरकारी अधिकारीच असत.

खरा पेच शाळांच्या हिश्श्यात होता. उपकर शेतसाऱ्यावर आकारलेला, तेव्हा तो भरणारा मुख्यत्वे खेडुत. परंतु त्यातून चालणाऱ्या शाळांपैकी अनेक कसब्यांत व शहरांत होत्या. तेथील व्यापारी, वकील वा नोकरदार यांजकडून या निधीत फारसे काही येत नसे. निधी सामाईक असला म्हणजे त्याचा भार व लाभही सामाईक असतो, ही समजूत येथे सपशेल फोल ठरते. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांस मिळतो, हे गाऱ्हाणे जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात मांडले. त्यांचा रोख उच्च शिक्षणावर होता हे खरे; तथापि लोकल फंडाच्या हिशेबासही तीच कसोटी लागू पडते.

१८८४ चे दोन कायदे या दृष्टीने एकत्र वाचले पाहिजेत. एकाने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे स्थापन झाली. दुसऱ्याने नगरपालिकांस आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा भार उचलणे भाग पडले. शहराचा व खेड्याचा पैसा असा वेगळा झाला. अभ्यासक्रम व तपासणी मात्र दोहोंकडे एकाच शिक्षणखात्याची राहिली. खर्च बोर्डांचा आणि हुकमत खात्याची, ही स्थिती थेट १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यापर्यंत टिकली. त्या कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोपविला.