लखनौ ते गुरूचा चंद्र, व्हाया बारामती

पाय जपून टाका, खाली पाट आहे. तुम्ही उतरलात ते बारामतीजवळ, नीरा डाव्या कालव्याच्या कडेला, उसातल्या एका वस्तीवर. साल 1998. मोबाइल खिशातच दाबून ठेवा. काचेवर बोट फिरवताना कुणी पाहिलं तर तुम्हालाच परग्रहावरचं समजतील. पत्र्यावर एक पोरगा अँटेना धरून उभा आहे आणि खालून हुकूम सुटतायत. "आजून जरा पुण्याच्या अंगाला घे! बास, बास. हालू नगंस आता."

चपला बाहेर काढून आत जा. पोत्यावर जागा आहे. समोर वेस्टनचा जुना कृष्णधवल टीव्ही, शेजारी ट्रॅक्टरची बॅटरी, कारण लाइटचा भरवसा नाही. दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम' लागतंय. केतन मेहतांची मालिका, काळ 2123 सालचा. गुरूच्या चंद्रावरच्या तुरुंगातून बारा महाभयंकर गुन्हेगार पळालेत आणि त्यांना धरायला निघालाय मिलिंद सोमण. "आपला मराठीच हाय म्हणं," चुलीपुढून आवाज येतो. संगणकावर तयार केलेलं यान पडद्यावरून सरकतं. त्याचा रंग निळा की लाल, यावर पोरांत वाद. टीव्ही सांगणार नाही, त्यामुळे वाद मिटणारही नाही.

मग विश्वप्रमुख दिसतो. साऱ्या पृथ्वीचा कारभारी, गोरापान, निळ्या डोळ्यांचा (रंग तुम्हाला आधीच माहीत आहे, पोरांना नाही). बोलतो मात्र असं हिंदी की बारामतीच्या शाळेतल्या हिंदीच्या गुरुजींनी मान खाली घालावी. खोली गप्प होते. चकचकीत पोशाख, दिव्यांची बटणं, सगळं खोटं आहे हे या खोलीत सगळ्यांना कळतं. पण विहिरीवरची मोटार चोरीला गेल्याची वर्दी पोलीस पाटलानं द्यावी, तितक्या साधेपणानं हा माणूस अंतराळातल्या संकटाची वर्दी देतो. विज्ञानकथेत नायकाचं सोपं असतं, तो धावतो, उड्या मारतो. जागेवर उभं राहून अशक्य गोष्ट पटवून द्यायचं काम चरित्र अभिनेत्याच्या वाट्याला येतं. आपल्याकडे ते काम या विश्वप्रमुखाइतकं, म्हणजे टॉम ऑल्टरइतकं मनापासून फार थोड्यांनी केलं.

आता मागे चला. 1972, पुणे, लॉ कॉलेज रस्ता. प्रभातचा जुना स्टुडिओ आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. फाटकातून येणारा तो सोनेरी केसांचा बावीस वर्षांचा मुलगा बघा. त्याला परदेशी पाहुणा समजू नका. आजी-आजोबा अमेरिकेहून 1916 साली मिशनरी म्हणून आले, हा जन्मला मसुरीला. येल विद्यापीठात जाऊन परत आला. हरियाणातल्या जगाधरीत मास्तरकी करताना 'आराधना' पाहिला आणि पुन्हा पुन्हा पाहत राहिला. राजेश खन्ना व्हायचं, एवढं ठरवून तो पुण्यात आलाय. रोशन तनेजा शिकवतात. नसीरुद्दीन शाह, बेंजामिन गिलानी या मित्रांशी इथेच गाठ पडते आणि पुढे तिघं मिळून 'मॉटली' ही नाटक मंडळी काढतात. 1974 साली तो सुवर्णपदक घेऊन बाहेर पडतो.

आणि बाहेर पडताच सिनेमावाले त्याला कालयंत्रात बसवतात. दिशा एकच: मागे. 1977 च्या 'शतरंज के खिलाडी'त सत्यजित राय त्याला 1856 च्या लखनौत सोडतात. तिथे तो आहे कॅप्टन वेस्टन (हो, वस्तीवरच्या टीव्हीचंच नाव), नवाब वाजिद अली शाहच्या शायरीचा मनोमन चाहता, आणि ती आवड वरिष्ठापुढे सावरून मांडणारा. भूमिका लहान, पण माझ्या मते त्याची सिनेमातली सर्वांत नाजूक. 1981 ला 'क्रांती', पुन्हा गोरा साहेब. 1982 च्या 'गांधी'त तो पुण्याच्याच आगाखान पॅलेसमधला डॉक्टर. मसुरीत जन्मलेला, उर्दू वाचणारा हा माणूस. त्याच्या कातडीकडे पाहून दिग्दर्शकांना 1947 च्या आधीचंच काहीतरी सुचत असे.

दूरदर्शननं हे जरा सैल केलं. 1993 ला या. 'जबान संभाल के'मध्ये पंकज कपूरच्या वर्गात तो चार्ल्स स्पेन्सर्स होऊन हिंदीची मोडतोड करतोय. हिंदी-उर्दू इतकं चोख येणाऱ्यानं ते मुद्दाम चुकीचं बोलायचं, ही चैन बघून घ्या. त्याच सुमारास 'जुनून'मध्ये तो केशव कलसी आहे, गुन्हेगारी टोळीचा म्होरक्या. नाव चक्क देशी. मधल्या काळात हातात माइक धरून त्यानं एका पंधरा वर्षांच्या, अजून भारताकडून न खेळलेल्या सचिन तेंडुलकरची मुलाखतही घेतली होती, कारण क्रिकेटवर तो तितक्याच जिवानं लिहायचा-बोलायचा.

पण त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं खरं उतरवलं ते विज्ञानकथेनं आणि अद्भुतानं. 2123 सालात इंग्रजांचं राज्य नाही, त्यामुळे गोरा माणूस तिथे साहेब असायचं कारण उरत नाही. तो विश्वप्रमुख होऊ शकतो. 'शक्तिमान'मध्ये तर मुकेश खन्नाच्या महानायकाला सिद्धी देणाऱ्या सूर्यांशींचा महागुरूच होतो. ज्या तोंडून पूर्वी हिंदुस्थान्यांना हुकूम सुटायचे, त्याच तोंडून आता पंचमहाभूतांवरचं प्रवचन.

शेवटचा थांबा इंदापूर. 2000 च्या आसपासचा रविवार, दुपारचे बारा. एसटी स्टँडजवळच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानापुढे गर्दी आहे, त्यात घुसा. इथला टीव्ही रंगीत आहे. महागुरू पडद्यावर येतात आणि पटकेवाले एक आबा डोळे बारीक करतात.

"ह्यो सायेब हाय. इंग्रजाचा. जत्रंला तंबूत 'क्रांती' बघितलाय म्या."

"न्हाय वो आबा," शाळेच्या खाकी चड्डीतला एकजण चिडतो. "शक्तिमानचा गुरू हाय त्यो!"

आबा पुन्हा एकदा नीट बघतात.

"मग बदली झाली आसंल."