‘मेंदूची विशिष्ट प्रथिने’ : एका संकल्पनेचे परीक्षण

मज्जासंस्थेतील प्रथिनांची समग्र मोजदाद मास स्पेक्ट्रोमीटरच्या आगमनानंतरच सुरू झाली, अशी समजूत सामान्यतः आढळते. वस्तुतः तिचे मूळ १९६० नंतरच्या दशकात शोधावे लागते. अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात ब्लेक मूर यांनी मेंदू व यकृत यांच्या अर्कांतील विद्राव्य प्रथिने वर्णलेखन व स्टार्च-जेलमधील विद्युत्-संचारण यांच्या साहाय्याने वेगळी करून परस्परांशी ताडून पाहिली. कार्य कोणते, हा प्रश्न त्यांनी प्रथम विचारला नाही. मेंदूत असून अन्यत्र नसलेले काय, एवढेच पाहिले.

या पद्धतीची खूण नावांतच उमटली आहे. १९६५ मध्ये वर्णिलेले ‘एस-१००’ हे प्रथिन शंभर टक्के संपृक्त अमोनियम सल्फेटच्या द्रावणात विरघळते, म्हणून त्याचे ते नाव. १९६७ मधील ‘१४-३-३’ हे नाव तर वर्णलेखनातील अंशाचा क्रमांक व जेलमधील स्थान यांवरून पडले.

दोन्ही प्रथिने मज्जासंस्थेची विशिष्ट म्हणून गणली गेली. परंतु हा निष्कर्ष टिकला नाही. एस-१०० त्वचेतील रंजकपेशींत व कूर्चेतही आढळले. १४-३-३ तर वनस्पती व यीस्ट यांतही सापडले. शिवाय विद्राव्य अर्कापुरत्याच मर्यादित अशा या शोधातून पेशीपटलात रुतलेली ग्राहके मुळातच निसटत होती.

१९७५ मध्ये पॅट्रिक ओफॅरेल यांच्या द्विमितीय विद्युत्-संचारणाने एकाच जेलवर हजाराहून अधिक प्रथिने विलग करता येऊ लागली. १९८६ मध्ये क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोगाच्या रुग्णांच्या मस्तिष्क-मेरुद्रवात या पद्धतीने दोन ठिपके आढळले. त्यांना १३० व १३१ हे क्रमांक मिळाले. १९९६ मध्ये ते १४-३-३ कुलातील असल्याचे सिद्ध झाले व निदानास एक साधन लाभले. तथापि हेच प्रथिन पक्षाघात, मेंदूदाह अशा विकारांतही मेरुद्रवात उतरते, हे पुढे दिसून आले. ‘विशिष्ट’ हे विशेषण दुसऱ्यांदा मागे घ्यावे लागले.

यावरून सूचींची निरर्थकता सिद्ध होत नाही. मूर यांच्या सूचीविना १३० व १३१ यांची ओळख पटणे कठीण होते. मात्र ‘अन्यत्र नाही’ या विधानाचे बळ किती ऊतींशी तुलना झाली व किती अल्प मात्रा टिपता आली, यांवर अवलंबून असते. सहस्रावधी प्रथिनांच्या आजच्या सूची वाचतानाही अभ्यासकाने हीच कसोटी प्रथम लावली पाहिजे.