शाळेची परीक्षा



शाळा मुलांची परीक्षा घेते हे आपण सारे जाणतो. शाळेची परीक्षा कोणी घ्यावी आणि ती कोणत्या मापाने घ्यावी, हा आजचा विषय आहे. व्याख्याने ऐकायला आपण जमतो त्याच दिवसांत इकडे अष्टमीत आणि कुंडलिकेपलीकडे रोह्यात घरोघरी एकच खल चाललेला असतो : जूनमध्ये मुलाला कोणत्या शाळेत घालावे? कोणी इमारत पाहतो, कोणी गणवेश पाहतो, कोणी माध्यम विचारतो, तर कोणी शेजाऱ्याच्या मुलाचे गुण विचारून घेतो. सार्वजनिक प्राथमिक शाळेचे, मग ती नगरपरिषदेची असो वा जिल्हा परिषदेची, नाव निघाले की पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. ती आठी रास्त की गैर हे ठरवायचे तर हाती माप हवे. आपल्या प्रांतात हे माप गेल्या दोनशे वर्षांत अनेकदा बदलले, आणि प्रत्येक मापातून कोणी ना कोणी निसटत राहिले. मी शिक्षक नव्हे. हयात कामगार चळवळीत गेली. वाचले ते वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा कामगाराच्या नजरेला हा इतिहास जसा दिसतो तसा सांगतो.

इंग्रजी अमलाच्या आरंभी गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या. धुळाक्षरे, मोडी वाचन-लेखन, पाढे, पावकी-निमकी, व्याजाचे हिशेब, एवढाच तेथला अभ्यास. पंतोजीचा निर्वाह मुलांच्या घरून येणाऱ्या धान्यावर आणि पैशावर. अशा शाळेची परीक्षा मुलाचा बापच घेई. खातेवही पुढे टाकावी, जमाखर्च वाचायला सांगावा, बेरीज चुकली नाही की पंतोजीचे काम चोख. हे माप साधे होते आणि खरेही होते. जो खर्च करी तोच पारखून घेई. पण वही ज्याच्या घरी होती त्याच्याच मुलाला हे माप लागू होते. कुळाची, गड्याची, अस्पृश्य मानलेल्या माणसाची मुले त्या पडवीत नव्हतीच. मग त्यांची मोजणी कोण करणार? आणि मुलींची तर गोष्टच नको.

पुढे १८५४ चा वुडचा खलिता आला आणि १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखाते उभे राहिले. खात्याबरोबर इन्स्पेक्टर आले, त्यांच्या हाताखाली दिपोटी आले. १८६० नंतरच्या दशकात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसली आणि तिचा तिसरा हिस्सा शाळांसाठी ठरला. म्हणजे शाळेचा पैसा आता नांगरधाऱ्याकडून येऊ लागला. पंतोजीच्या काळात पैसा देणारा आणि पारख करणारा एकच होता. आता पैसा रयतेचा आणि पारख दिपोटीची, अशी फारकत झाली. ही फारकत आजतागायत मिटलेली नाही, म्हणून ती ध्यानात ठेवावी.

दिपोटीची परीक्षा वर्षाकाठची. त्याच सुमारास, १८६२ साली, इंग्लंडात रॉबर्ट लो यांनी नवा नियम केला होता : मुले जितकी पास, तितके शाळेला अनुदान. आपल्या इलाख्यातही खाजगी शाळांच्या अनुदानाला हाच नियम लागला. जिथे निकालावर पैसा, तिथे सारी मेहनत निकालाच्या दिवसापुरती. कारखान्यात मोठे साहेब यायचे म्हटले की मशीन पुसले जाते, जमीन धुतली जाते, आणि खोकणाऱ्या कामगाराला दुसऱ्या पाळीला यायला सांगितले जाते. हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या काळच्या शाळेची कल्पना सहज करता येईल. इंग्लंडात ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोडीत निघाली आणि हिंदुस्थानात विसाव्या शतकाच्या आरंभी. पद्धत गेली, तिची सवय मात्र मागे राहिली.

या मापावर पहिला घणाघात महात्मा जोतीराव फुले यांनी केला. १८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरिष्ठ वर्गाला होतो, हे त्यांनी रोखठोक मांडले. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करा, असे ते म्हणाले. शिक्षकाचा पगार महिना बारा रुपयांपेक्षा कमी नसावा. शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातला असावा, नांगराची मूठ धरायला न लाजणारा असावा. मोडी आणि बाळबोध वाचन, हिशेब यांच्याबरोबर शेती आणि आरोग्य शिकवावे, असे त्यांचे म्हणणे. तपासणीविषयी ते जे म्हणाले ते आजच्या विषयाला नेमके लागू पडते. इन्स्पेक्टरने वर्षातून एकदा येऊन काही साधत नाही. तपासणी निदान दर तिमाहीस व्हावी, आणि अधूनमधून आगाऊ वर्दी न देता व्हावी, ही त्यांची सूचना होती. गावकामगारांना आपल्याच कामांतून सवड नसते, त्यांची तपासणी वरवरची होते, हेही त्यांनी सांगून टाकले. वर्दी न देता जावे, एवढ्या एका सूचनेत सगळे आले. शाळेचा दर्जा सणाच्या दिवशी पाहू नये, रोजच्या दिवशी पाहावा.

सक्तीची मागणी पुढे राजदरबारीही गेली. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्ती केली. नामदार गोखल्यांनी १९११ च्या मार्चमध्ये वरिष्ठ कायदेमंडळात बिल आणले. ते १९१२ च्या मार्चमध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत शिक्षण जाहीर केले. शाळेत किती मुले आली, ही मोजणी आता सुरू झाली. आलेली मुले राहिली किती, हा प्रश्न अजून कोणी नीट विचारला नव्हता.

तो विचारला डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी एक हिशेब मांडला : शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीला अठराच पोहोचतात; उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत बुडतात. शाळेत पाऊल टाकलेले प्रत्येक मूल साक्षर होऊन बाहेर पडावे आणि जन्मभर साक्षर राहावे, तरच प्राथमिक शिक्षणाचा हेतू सफल झाला, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यानंतर आठवड्याच्या आत, १९ आणि २० मार्चला, ते आपल्याच कुलाबा जिल्ह्यात महाडला होते. चवदार तळे सर्वांना माहीत आहे. त्याआधीच्या आठवड्यातला हा शाळेचा हिशेब फारसा कोणाला ठाऊक नाही. मला मात्र त्या दोन घटना शेजारी शेजारी दिसतात. सार्वजनिक तळे आणि सार्वजनिक शाळा ही दोन्ही सर्वांच्या पैशाची, आणि दोन्हींची कसोटी एकच : तेथून कोण रिकाम्या हाताने परततो?

दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, सर फिलिप हारटॉग यांच्या समितीचा अहवाल निघाला. तोच अठराचा आकडा तिनेही पुढे ठेवला आणि त्याला गळती व स्थगिती अशी नावे मिळाली. परंतु आकडा एक असला तरी निष्कर्ष निराळा निघाला. समितीने म्हटले, शाळा भराभर वाढवू नका; आहेत त्या सुधारा, त्यांचा दर्जा राखा. वरून हे शहाणपणाचे वाटते. यावर रा. वि. परुळेकरांनी १९३९ च्या आपल्या ‘लिटरसी इन इंडिया’ या इंग्रजी ग्रंथात झोड उठवली. देश निरक्षर असताना दर्जाच्या नावाने प्रसार थांबवणे म्हणजे ज्यांना शाळाच नाही त्यांना आणखी ताटकळत ठेवणे, हा त्यांच्या युक्तिवादाचा रोख. म्हणजे पाहा, ब्याऐंशी मुले गळाली या एकाच गोष्टीवरून एक म्हणतो ती टिकतील असे करा, आणि दुसरा म्हणतो शाळाच आवरत्या घ्या. दर्जा हा शब्द दोन्हीकडे चालतो. तो कोणाच्या तोंडी आणि कोणाच्या बाजूने आहे, हे पाहिल्याशिवाय त्याला मान डोलवू नये.

हा वाद पुस्तकी नव्हे. याच जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमीन न कसण्याचा संप चालवला. खोताच्या कागदावर काय लिहिले आहे हे वाचता न येणाऱ्या कुळाला अंगठ्यापलीकडे हत्यार नव्हते. काळ बदलला, कागद बदलला नाही. मी एका कारखान्यात चौथी पासचा दाखला असलेला कामगार पाहिला आहे. कराराचा मसुदा त्याच्या हाती दिला तेव्हा त्याने ओळीवरून बोट फिरवले आणि खाली सही केली. त्यातच पगारकपातीचे कलम होते. त्याची सही सुरेख होती. त्याच्या शाळेने त्याला पास केले होते, म्हणजे कागदोपत्री तो त्या अठरांतला होता. तेव्हा नुसते चौथीला पोहोचणेही पुरत नाही; बाबासाहेबांनी जन्मभर साक्षर असे म्हटले त्याचा अर्थ येथे कळतो.

आता आजकडे येऊ. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यानंतर, १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा झाल्या आणि खेड्यांतल्या शाळा त्यांच्याकडे आल्या. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा हक्क मान्य केला आणि अनुदानित व सरकारी शाळांना व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. १८५५ च्या सुमारास जी फारकत झाली ती कायद्याने तरी मिटवली : पैसा देणाऱ्याला पुन्हा पारख करण्याचा अधिकार मिळाला. मापेही सुधारली. २००५ पासून चाललेली ‘असर’ पाहणी मुलाला शाळेत न तपासता घरी जाऊन तपासते, म्हणून शाळेत न येणारे मूलही तिच्या हिशेबात येते. उलट ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी मुले नुसती कागदावर असल्याचे निघाले.

कामगाराला मस्टर काय ते शिकवावे लागत नाही. नाव पटावर असणे निराळे आणि माणूस पाळीवर असणे निराळे. आपल्या रोहे-पेण भागात दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर बाहेर पडतात, आणि मुले त्यांच्याबरोबर जातात. जूनमध्ये पटावर असलेले पोर फेब्रुवारीत कुठे आहे, हे ज्या शाळेला ठाऊक आहे आणि त्याच्यासाठी जी काही खटपट करते, ती शाळा माझ्या मते चांगली, मग तिच्या भिंतीचा रंग उडालेला का असेना.

तेव्हा शाळा पाहायला जायचे तर स्नेहसंमेलनाला जाऊ नका. फेब्रुवारीतल्या एखाद्या साध्या मंगळवारी जा. पटावर किती आणि बाकावर किती हे विचारा. चार वर्षांपूर्वी पहिलीत आलेल्यांपैकी आज चौथीत किती, आणि उरलेली कुठे गेली हे विचारा. चौथीतल्या, पण मागच्या रांगेतल्या मुलाला, त्याने न पाहिलेले पान वाचायला द्या आणि त्याचा अर्थ विचारा. शिक्षक वर्गात आहेत की कसल्या तरी याद्या भरत आहेत ते पाहा. कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक एवढ्याच बाहेरच्या कामांना मुभा आहे. मुलींना वापरता येईल असे स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी आहे का ते पाहा. ही पारख करायला पदवी लागत नाही.

आणि एवढी पारख केल्यावर शाळा उणी निघाली तर? तर मुलाचा दाखला काढून नेणे हा ज्याच्या खिशात पैसा आहे त्याचा मार्ग. मी त्याला दोष देत नाही. प्रत्येक बापाला आपले पोर प्रिय. पण बोलणारे, लिहिता येणारे पालक निघून गेले की समितीच्या सभेत बोलायला कोण उरते? पट घटतो, मग पट कमी म्हणून शाळा चालवावी की नाही हा प्रश्न कागदावर येतो, आणि वाडीवरच्या मुलासाठी जवळची शाळा लांबची होते. लांबची शाळा म्हणजे पुष्कळ मुलींसाठी शाळाच नाही. १९२९ चा तो वाद असा पुन्हा आपल्या दाराशी येतो.

म्हणून माझी विनंती साधी आहे. ज्यांची मुले सार्वजनिक शाळेत आहेत त्यांनी समितीच्या सभेला जावे, आणि सभा नुसती वहीवर होत असेल तर ती प्रत्यक्ष भरवायला लावावी. ज्यांची मुले तेथे नाहीत त्यांनीही कर भरणारे नागरिक म्हणून वरचे प्रश्न विचारावेत. शाळा जूनमध्ये उघडेल. पहिलीच्या पटावरची नावे त्या दिवशी लिहून घ्या, आणि चौथ्या वर्षी तीच यादी घेऊन पुन्हा जा.