जीन्सचा तारा आणि बी.ए.च्या नोट्स

परवा खोपोलीला घरी गेलो होतो. चुलत बहिणीची बी.ए.ची परीक्षा तोंडावर आलेली. भूगोलाच्या वहीत ‘सौरमालेची उत्पत्ती’: कांट १७५५, लाप्लास १७९६, चेंबरलिन-मोल्टन १९०५, जीन्स १९१७. प्रत्येकाखाली गुण, दोष, संपलं.

‘‘दादा, यातलं बरोबर कुठलं?’’ तिने विचारलं. वहीत ते नव्हतंच.

संशोधनाला येणाऱ्यांनी हा प्रश्न जरूर विचारावा, म्हणून इथे लिहितोय.

लाप्लासचं म्हणणं साधं होतं. फिरणारा वायूचा मेघ आकसत गेला, वेग वाढला, कडेने कडी सुटली, त्यांचे ग्रह झाले. अडचण हिशेबाची होती. सूर्यमालेचं ९९ टक्क्यांहून जास्त वस्तुमान सूर्यात, पण कोनीय संवेग दोन टक्क्यांहूनही कमी. आकसलेला सूर्य गरगर फिरायला हवा. तो एका फेरीला साधारण २५ दिवस घेतो! या एका आक्षेपावर तेजोमेघ परिकल्पना बाजूला पडली.

मग जीन्स आले. दुसरा तारा सूर्याजवळून गेला, भरतीसारखा वायूचा लांबोळा फुगवटा उपसला गेला, त्याचे ग्रह झाले. नोट्समध्ये याला ‘भरती परिकल्पना’ म्हणतात आणि आकृती छान काढता येते (मार्कही मिळतात). पण याचा अर्थ बघा. तारे एकमेकांच्या इतक्या जवळून जवळजवळ कधीच जात नाहीत. म्हणजे जीन्स बरोबर असतील तर आकाशात ग्रहमाला जवळपास नाहीतच.

१९३९ मध्ये लायमन स्पिट्झरने गणित मांडलं. पीएच.डी. होऊन जेमतेम वर्ष झालेलं. सूर्याच्या आतून उपसलेला वायू इतका तप्त असेल की गोळा व्हायच्या आधीच उधळून जाईल. खेळ खलास. माझ्या मते या धड्यातलं सगळ्यात महत्त्वाचं नाव हेच, आणि वहीत तेच नाही.

मेघाची कल्पना परत आली, पण दुरुस्त होऊन. सूर्याचा वेग चुंबकीय क्षेत्रामुळे आणि बाहेर वाहणाऱ्या सौरवाऱ्यामुळे कमी होत गेला, त्यामुळे जुना आक्षेप गळाला. धुळीपासून ग्रहाणू आणि ग्रहाणूंपासून ग्रह, हा हिशेब मॉस्कोत साफ्रोनोव्हने केला. पुस्तक रशियन, १९६९ चं. इंग्रजीत आलं १९७२ ला. तोवर बाहेर फार कमी लोकांनी वाचलं होतं. भाषेची भिंत आपल्यालाच असते असं नाही.

२०१४ मध्ये चिलीतल्या अल्मा दुर्बिणीने एचएल टॉरी या कोवळ्या ताऱ्याचं चित्र दिलं. धुळीची तबकडी, तिच्यात काळ्या गोल फटी. हिवाळ्यात खालापूरच्या माळावरून रोहिणी दिसते ना, तिच्यापासून जेमतेम दोन अंशांवर हा तारा आहे. नुसत्या डोळ्यांना मात्र दिसत नाही.

सगळं सुटलं असं समजू नका. तबकडीतला वायू दगडांपेक्षा किंचित हळू फिरतो, त्यामुळे दगडाला कायम समोरून वारा लागतो. पृथ्वीच्या अंतरावरचा मीटरभर आकाराचा दगड शंभरेक वर्षांत ताऱ्यात जाऊन पडेल, हे वाइडेनशिलिंगने १९७७ ला दाखवलं. मग मोठे ग्रहाणू झाले कसे? धूळ एकत्र दाटून एकदम कोसळते, असा २००५ नंतरचा एक मार्ग आहे. त्यावर अजून वाद चालू आहेत.

बहिणीने ‘दोष’ खाली स्पिट्झर लिहून घेतलं. मग म्हणाली, ‘‘आणि साफ्रोनोव्हचे दोष?’’

मीटरभर दगडाचं तेव्हा सांगितलं.