एफ आणि जे

पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या माझ्या घरी संगणक शिकायला येणाऱ्या अंध मुलांचा पहिला धडा 'एफ' आणि 'जे' या दोन कळांचा. दोन्हींवर बारीक उंचवटा असतो. तर्जन्या तिथे टेकल्या की बाकीचा कळफलक बोटांना सापडत जातो. इन्स्क्रिप्ट या मराठी कळफलकात 'जे'वर र आणि शेजारच्या 'के'वर क. 'कर' टाइप झालं आणि संगणकानं ते बोलून दाखवलं, की मूल पुन्हा पुन्हा तेच दाबत राहतं. मी थांबवत नाही.

मी शिकले ती ब्रेलची पाटी आणि टोचा घेऊन. उजवीकडून डावीकडे ठिपके टोचायचे, कागद उलटायचा आणि डावीकडून वाचायचं. मुंबईत हे शिक्षण जुनं आहे. १९०० साली अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा काढली. आजची दादरची कमला मेहता अंधशाळा ती हीच. तेव्हा देशात ब्रेलच्या निरनिराळ्या पद्धती चालत. १९५१ साली भारती ब्रेल ठरली आणि मराठी 'क' व तमिळ 'क' एकाच खुणेनं लिहिले जाऊ लागले. पुढच्याच वर्षी मुंबईत 'नॅब' ही अंधांसाठीची राष्ट्रीय संस्था उभी राहिली.

संगणक आला तेव्हा पडदा वाचून दाखवणारं 'जॉज' सामान्य घराला परवडणारं नव्हतं. २००६ साली मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानं तेच काम करणारं 'एनव्हीडीए' बनवायला घेतलं आणि ते सगळ्यांना मोफत दिलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण मराठीची अडचण वेगळीच. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो. आत मात्र दुसरीच अक्षरं साठवलेली असतात आणि कानावर निरर्थक बडबड पडते. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून कसा घ्यायचा, हे शिकवण्यात माझे कितीतरी तास जातात. लॅपटॉप हातात ठेवला म्हणजे काम झालं, असं मानणाऱ्यांनी अशा एका तासाला येऊन बसावं. यंत्राइतकंच शिकवणारं माणूसही लागतं.

आणि तुम्हालाही एक विनंती. सोसायटीची सूचना ग्रुपवर नुसती फोटो काढून टाकू नका. युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा. म्हणजे पाणी कधी येणार, हे आम्हाला शेजाऱ्याला विचारावं लागणार नाही.