शत्रूराष्ट्रातील मूल आणि बालहक्कांचा पाया

'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेचा इतिहास सांगताना सहसा तिने किती मुलांना जेवू घातले, यावर भर दिला जातो. मला तिचे महत्त्व वेगळ्या ठिकाणी दिसते. तिची सुरुवात शत्रूच्या मुलापासून झाली, आणि म्हणूनच नुसत्या दयेवर तिला उभे राहता आले नाही.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहिले महायुद्ध थांबले, पण दोस्त राष्ट्रांनी शत्रूराष्ट्रांची नाकेबंदी उठवली नाही. तहाच्या अटी गळी उतरवण्यासाठी उपासमार हे साधन बनले. व्हिएन्नातली मुले दुधावाचून मुडदुसाने वाकली. एप्रिल १९१९ मध्ये ब्रिटिश समाजसेविका एग्लंटाइन जेब यांनी लंडनच्या ट्रफल्गार चौकात पत्रके वाटली. त्यांवर ऑस्ट्रियातल्या एका अडीच वर्षांच्या बालकाचे छायाचित्र होते: डोके मोठे, हातपाय नुसती हाडे. सेन्सॉरची मंजुरी नसल्याने जेबबाईंना अटक होऊन पाच पौंड दंड झाला. तेवढीच रक्कम सरकारी वकील सर आर्चिबाल्ड बॉडकिन यांनी स्वतःच्या खिशातून त्यांना दिली. १९ मे रोजी रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या सभेत जेब आणि त्यांची बहीण डोरोथी बक्स्टन यांनी 'सेव्ह द चिल्ड्रन' निधीची घोषणा केली.

आता प्रश्न असा, की कालपर्यंत ज्यांच्याशी लढलो त्यांच्या मुलांना आपण का पोसावे? दया आधी आपल्या माणसांकडे वळते. तो तिचा स्वभावच आहे. १९२१ मध्ये रशियात दुष्काळ पडला तेव्हा हा पेच उघड झाला. घरी बेकारी असताना बोल्शेविकांच्या देशात अन्न कशाला पाठवायचे, अशी टीका ब्रिटिश वृत्तपत्रांतून झाली. संस्थेने 'टॉर्सेलो' जहाजातून ६०० टन मदतसामग्री पाठवली, सारातोव्ह भागात मुलांसाठी स्वयंपाकघरे चालवली आणि दुष्काळाचे चलच्चित्र सभागृहांतून दाखवले. लोकांनी पैसे दिले खरे. पण छायाचित्राने हेलावलेले मन पुढच्या बातमीने निवते, हेही या कामातून दिसत होते.

जेब यांनी १९२३ मध्ये पाच कलमांचा जाहीरनामा लिहिला, तो याच अडचणीवरचा उपाय होता, असे मला वाटते. त्याचा आशय असा: वंश, राष्ट्र, धर्म काहीही असो, भुकेल्याला अन्न, आजाऱ्याला शुश्रूषा, अनाथाला आसरा मिळालाच पाहिजे आणि संकटात मदत आधी मुलाला मिळाली पाहिजे. २६ सप्टेंबर १९२४ रोजी राष्ट्रसंघाने तो स्वीकारला. मात्र तो कोणत्याही सरकारवर बंधनकारक नव्हता. शिवाय त्यात मूल केवळ घेणारे होते. त्याला स्वतःचे मत असू शकते, याचा मागमूस नव्हता. वॉर्सात अनाथाश्रम चालवणाऱ्या यानुश कोर्चाक यांनी नेमके यावर बोट ठेवले: या मसुद्यात कर्तव्ये आणि हक्क यांची गल्लत झाली आहे, आणि त्याचा सूर मागणीचा नसून विनवणीचा आहे.

पुढे १९७८ मध्ये बंधनकारक कराराचा प्रस्ताव मांडला तो कोर्चाक यांच्याच पोलंडने. २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क करार संमत केला, आणि त्याच्या १२व्या कलमाने मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याचे बंधन घातले. भारताने डिसेंबर १९९२ मध्ये करार स्वीकारला, पण बालमजुरीविषयीच्या ३२व्या कलमाबाबत, किमान वयाची अट टप्प्याटप्प्याने लागू करू, असे निवेदन सोबत जोडले.